प्रसंगाला संगीत देताना: आधी जागा, मग सूर

पार्श्वसंगीत करायला बसलं की हात आधी कीबोर्डकडे जातो. एखादी सुरावट डोक्यात घोळत असते, वाद्यही ठरलेलं असतं, आणि प्रसंग मात्र जेमतेम एकदा पाहिलेला असतो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. संगीत कुठून कुठपर्यंत वाजणार हे आधी ठरवायचं, काय वाजणार ते नंतर. सुरावट प्रेक्षकाच्या लक्षात राहील न राहील, पण संगीत ज्या सेकंदाला सुरू होतं त्या सेकंदाला आपण त्याला काहीतरी सांगून बसतो, आणि ते परत घेता येत नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग गृहीत धरू. वडील वारल्यानंतर मुलगी त्यांची खोली आवरायला आली आहे. संवाद नाहीत. ०:०० ला ती दार उघडते, ०:१८ ला कपाट. ०:४१ ला मागे सरकवलेला पत्र्याचा डबा हाताला लागतो. ०:५६ ला डबा उघडतो: आत पत्रं, पाकिटांवर तिचंच अक्षर. १:०४ ला तिच्या लक्षात येतं की एकही पाकीट फोडलेलं नाही. पाकिटं तारखेप्रमाणे लावून सुतळीने बांधलेली आहेत. १:२४ ला ती पलंगावर बसते, १:४९ ला फोन वाजतो, २:०२ ला दृश्य संपतं.

प्रसंग तीनदा पाहा

संकलन पक्कं झालं आहे ना, हे आधी विचारून घ्या. 'पिक्चर लॉक' म्हणून हाती आलेली फाइल पुढे आणखी दोनदा बदलते हा सगळ्यांचाच अनुभव, पण निदान विचारलेलं असावं. फाइलवर टाइमकोड (चित्रासोबत धावणारी वेळ) छापलेला हवा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, लेखी हवा. सिनेमाचा २४, टीव्हीचा देशानुसार २५ किंवा २९.९७. २४ आणि २३.९७६ यांत फरक तो काय, असं वाटतं. तासाभरात तो साडेतीन सेकंदांच्या वर जातो.

मग एकदा साधं पाहा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा चित्र बंद करून नुसतं ऐका. आवाज बंद असताना अभिनय किती बोलतो ते कळतं. मुलीचा हात पाकिटावर थबकतो तेवढ्यानेच सगळं समजत असेल, तर तिथे संगीताला काम नाही. नुसतं ऐकताना खोलीचा आवाज कळतो: पंखा, घड्याळ, लांबची रहदारी. या आवाजांनाही सूर असतो. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे ट्यूबलाइट आणि फ्रीजची घरघर पाश्चात्त्य 'जी' स्वराच्या किंचित वर बसते. तुम्ही नेमका त्याच स्वराचा खर्ज धरलात तर दोघांच्या मध्ये बारीक थरथर सुरू होते, आणि दोष मात्र संगीतावर येतो. आधार-स्वर ठरवण्यापूर्वी खोलीचा सूर तपासणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

जागा ठरवणं

दिग्दर्शक आणि संकलकासोबत बसून संगीत कुठे हवं, कुठे नको हे ठरवण्याच्या बैठकीला 'स्पॉटिंग' म्हणतात. सगळ्या कामात ही बैठक मला सर्वांत मोलाची वाटते, आणि घाईत हीच उरकली जाते. तिथे वाद्यांची चर्चा टाळा. विचारायचं ते एवढंच: संगीत काढून टाकलं तर प्रेक्षकाला काय कळायचं राहील? आपण हा प्रसंग कुणाच्या नजरेने पाहतोय? प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत आहे की कमी?

आता आपल्या खोलीत या. संगीत ०:०० पासून सुरू केलं तर दार उघडण्याआधीच प्रेक्षकाला कळतं की पुढे काहीतरी दुःखद आहे. कपाट, डबा, सगळंच मग वाट पाहण्यात जातं. ०:५६ ला सुरू केलं तर संगीत तिच्या अक्षरावर येतं आणि प्रसंग आठवणींचा होतो. आठ सेकंदांनी बंद पाकिटांचा धक्का बसतो तेव्हा तो त्या गोडव्याला तडा देतो. हा पर्याय वाईट नाही, पण त्याला संगीतात एक वळण लागेल. बरोबर १:०४ ला सुरू केलं तर संगीत बोट दाखवून सांगतं: 'पाहिलंत का, फोडलेली नाहीत!' मालिकांमध्ये तीन चेहऱ्यांवर तीनदा 'ढॅण' होतं, त्याच घराण्यातली ही गोष्ट.

माझी निवड १:०९. पाकिटं बंद आहेत हे प्रेक्षकाने स्वतः ओळखायचं, त्याला पाच सेकंद शांतता द्यायची, आणि मग संगीत आणायचं. तोवर ते बातमी देत नाही, सोबत करायला येतं. दिग्दर्शकाला वडिलांबद्दल राग जागवायचा असेल तर मात्र ०:५६ चा पर्याय जास्त चांगला ठरेल, कारण आधी गोडवा दिला की फसवणूक जास्त लागते.

प्रवेश लपवायचा असेल तर एखाद्या आवाजाच्या आडून आत या. डब्याचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज, खिडकीबाहेरून गेलेली गाडी, कटचा क्षण, पात्राने सोडलेला श्वास, यांपैकी काहीही चालतं. संवाद असतील तर वाक्याच्या मधोमध सुरू करू नका. वाक्य संपल्यावर किंवा त्यातल्या महत्त्वाच्या शब्दानंतर सुरू करा. बाहेर पडणं त्याहून अवघड. हळूहळू आवाज कमी करत नेणं हा आळशी मार्ग आहे, आणि तो बहुतेक वेळा ऐकूही येतो. संगीताला स्वतःचा शेवट लिहा किंवा ते एखाद्या आवाजाने तोडा. आपल्याकडे फोन आहेच.

बैठकीनंतर प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. '३एम२' म्हणजे तिसऱ्या रीलमधला (चित्रपटाच्या तिसऱ्या भागातला) संगीताचा दुसरा तुकडा. सुरुवात, शेवट, लांबी आणि एका ओळीत हेतू लिहा. आपल्या तुकड्यासमोर 'दुःख' असं लिहून काही उपयोग नाही. 'तिला कळलंय, पण ती अजून रडलेली नाही' असं लिहिलं तर त्यावरून सूर सुचतो.

टेम्पचा मोह

संकलन करताना तात्पुरतं म्हणून कुठलं तरी तयार संगीत लावलेलं असतं. त्याला 'टेम्प' म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाला ते आवडायला लागतं. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६८ चं: स्टॅन्ली कुब्रिक यांच्या अंतराळावरच्या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही झालं, आणि कुब्रिक यांनी शेवटी तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनाच ठेवल्या. नॉर्थ यांना हे कळलं ते चित्रपट पाहायला बसल्यावर.

टेम्पला शिव्या देण्यात अर्थ नाही. दिग्दर्शकाला शब्दांत सांगता न आलेली गोष्ट त्यात असते. विचारा: यातलं नेमकं काय लागू पडतंय? लय? विरळपणा? सुरू होण्याची जागा? बऱ्याचदा उत्तर 'सुरू होण्याची जागा' असंच येतं, आणि मग सुरावट पूर्णपणे तुमची राहते. एकदा ऐकून, नोंदी करून, टेम्पचा ट्रॅक बंद करा आणि त्यानंतर उघडू नका.

तयार घ्यायचं की नवं करायचं

प्रसंगात रेडिओ वाजतोय, वरात चालली आहे, हॉटेलात गाणं लागलंय, असं पात्रांना ऐकू येणारं संगीत असेल तर तयार रचना बहुधा जास्त खरी वाटते. पण शब्द असलेलं गाणं संवादाखाली घालू नका. कान दोन बोलण्यांपैकी एकच धरतो.

तयार संगीत घेताना हक्क दोन असतात हे विसरू नका: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. शे-दोनशे वर्षांपूर्वीची रचना मुक्त असली, तरी गेल्या वर्षी एखाद्या वाद्यवृंदाने केलेलं तिचं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. चालीची परवानगी मिळाली आणि ध्वनिमुद्रणाची मिळाली नाही, तर ती चाल नव्याने वाजवून घेता येते. 'रॉयल्टी-फ्री' या शब्दाचा अर्थ फुकट असा नाही. वापरागणिक वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच. परवान्यात माध्यम, प्रदेश आणि मुदत वाचा. महोत्सवापुरता घेतलेला परवाना ओटीटीवर चालत नाही, आणि हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर प्रसंग नव्याने बांधावा लागतो.

लायब्ररीतून निवडायचं असेल तर ज्याचे थर सुटे मिळतात असा तुकडा घ्या. नुसता तळाचा थर आणि वरची एखादी ओळ एवढं मिळालं, तरी तो आपल्या लांबीला बसवता येतो. आणि तुकडा चित्राशिवाय कितीही सुंदर वाटला तरी निवड चित्रासोबतच करा. चांगलं पार्श्वसंगीत एकटं ऐकलं की जरा अपुरं वाटतं. उरलेली बाजू पडदा सांभाळतो.

वाद्यं थोडी ठेवा

सॉफ्टवेअरमध्ये शेकडो वाद्यं असतात, म्हणून सुरुवातीलाच मर्यादा घाला. बर्नार्ड हरमन यांनी १९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'साठी फक्त तंतुवाद्यं घेतली. त्यातल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नको असं हिचकॉक यांचं आधी म्हणणं होतं. हरमन यांनी केलेलं ऐकल्यावर त्यांनी ते बदललं. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: कमी वाद्यांत चित्रपटाला स्वतःचा आवाज मिळतो, आणि वाद घालण्यापेक्षा वाजवून दाखवणं परवडतं.

आपल्या खोलीसाठी मी एक चेलो आणि पियानोचे सुटे स्वर एवढंच घेईन. चेलोवर खर्जात षड्ज आणि पंचम (सा आणि प). गंधार (ग) मुद्दाम टाळायचा. गंधार नसला की सुरावट सुखाची की दुःखाची हे कानाला ठरवता येत नाही, आणि १:०९ ते १:२४ मध्ये मुलीलाही ते ठरवता आलेलं नाही. ती पलंगावर बसते त्या क्षणी पियानोवर गंधार येऊ द्या.

कुठला? कोमल गंधार लावला तर प्रसंग म्हणतो, 'त्यांनी वाचली नाहीत.' शुद्ध लावला तर म्हणतो, 'त्यांनी जपून ठेवली.' तारखेप्रमाणे लावलेली पाकिटं आणि सुतळीची गाठ पाहिली तर मी शुद्ध लावेन. दुःख चित्रात आहेच, त्याची पुनरुक्ती कशाला? पण हा निर्णय संगीतकाराने एकट्याने घेण्यातला नाही. दोन्ही करून दिग्दर्शकाला ऐकवा. वडील कोण होते हे एका स्वराने बदलताना पाहिलं की पुढची सगळी चर्चा नेमकी होते.

चित्रपटभर वापरायची ओळख-धून असेल तर ती तीन-चार स्वरांची ठेवा, म्हणजे ती मोडता येते, संथ करता येते, दुसऱ्या वाद्यावर नेता येते. आणि ती पहिल्याच प्रसंगात पूर्ण वाजवू नका. निम्मी द्या, पूर्ण कधी द्यायची ती जागा कथेत शोधून ठेवा.

लय आणि हिशोब

सुरुवात १:०९, बसणं १:२४, फोन १:४९. म्हणजे सुरुवातीपासून १५ सेकंदांवर एक महत्त्वाची जागा, ४० सेकंदांवर दुसरी. या जागांवर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यावी असं वाटतं, आणि सगळा झोल इथेच होतो: आधी सुचेल ती लय धरली जाते, मग जागा गाठण्यासाठी सुरावट ओढूनताणून बसवली जाते.

सूत्र सोपं आहे. सेकंद गुणिले मिनिटातल्या मात्रा, भागिले ६०. मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर १५ आणि ४० मात्रा होतात. चारच्या मापात ४० बरोबर बसतात, १५ बसत नाहीत. आता ७२ धरा: १८ आणि ४८. चारच्या मापात १८ मधे पडतात. पण तीनच्या मापात १८ म्हणजे सहा आवर्तनं आणि ४८ म्हणजे सोळा. दोन्ही जागांवर सम! एक आवर्तन अडीच सेकंदांचं. २४ फ्रेमच्या चित्रात ७२ लयीची एक मात्रा नेमक्या २० फ्रेमची होते, त्यामुळे संकलकाशी बोलतानाही सोपं जातं. तीनच्या मापाचा हलकासा झोका या प्रसंगाला शोभतो का, हे मात्र कानाने ठरवायचं. नाही शोभला तर चारचं माप धरून दोन्ही जागांच्या आधी एकेक दोन मात्रांचं आवर्तन घाला. चाल विरळ असेल तर कुणाला पत्ता लागत नाही.

आता सोळावं आवर्तन रिकामं सोडा. शेवटचा स्वर पंधराव्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे १:४४ ला. मग तो विरत जाईल आणि जिथे सतराव्या आवर्तनाची सम यायची तिथे फोन वाजेल. तो शेवटचा स्वर षड्ज नको. रिषभावर सोडा, म्हणजे गोष्ट मिटली असं वाटणार नाही. फोनच्या घंटीचा सूर काय आहे तेही तपासा, नाहीतर विरत जाणारा रिषभ आणि घंटी एकमेकांना बेसूर करतील. घंटी बदलणं ध्वनिसंयोजकाला सोपं असतं, फक्त वेळेत सांगायला हवं.

प्रत्येक हालचालीवर स्वर पाडण्याच्या फंदात पडू नका. पात्र जिना उतरतं तशी सुरावटही पायरी पायरी उतरली की प्रसंग कार्टूनचा होतो. दोन मिनिटांत दोन जागा गाठल्या तरी पुष्कळ. त्याही एक-दोन फ्रेम उशिरा चालतात. लवकर मात्र चालत नाहीत, कारण मग घडण्याआधीच संगीताला कळलेलं असतं.

संवाद असतील तर

फोनवर बोलणं सुरू झालं आणि दिग्दर्शकाला संगीत पुढेही हवं असलं, तर लिहिण्याची पद्धत बदलते. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यामुळे. व्हायोलिन, सारंगी, बासरी, हार्मोनियम यांच्या आवाजाचा बराच भाग याच पट्ट्यात किंवा माणसाच्या गळ्याच्या पट्टीत येतो. ती बोलण्याशी भांडतात. संवादाखाली खर्जातले लांब स्वर ठेवा किंवा अगदी वरचे झिरझिरीत, मधला मजला बोलणाऱ्यांसाठी मोकळा. हालचाल वाक्यांच्या मधल्या विरामांत करा. इथे चाल नसली तरी चालते. तुम्ही जागा सोडली नाहीत तर मिक्सिंगला (संवाद, आवाज आणि संगीत एकत्र करायला) बसलेला माणूस आवाज खाली ओढून ती करून घेईलच, आणि त्याला इलाज नसतो.

मालिकेचं गणित वेगळं

रोज एक भाग जात असेल तर प्रत्येक प्रसंगाला नवं संगीत शक्यच नाही. तिथे सुरुवातीलाच साठा बांधतात: प्रमुख पात्रांच्या धुना, प्रत्येकीची संथ, तणावाची आणि हलकी रूपं, काही नुसते ताणाचे थर, काही दोन-तीन सेकंदांचे जोड. पुढची निवड बहुतेक वेळा संकलकाच्या टेबलावर होते. म्हणून फाइलच्या नावातच पात्र, भाव, लय आणि पट्टी लिहा, आणि शक्य तितके तुकडे एकाच पट्टीत किंवा जवळच्या पट्ट्यांत करा, म्हणजे कुठलाही कुठल्याहीनंतर जोडता येतो. प्रत्येक तुकड्याला खरा शेवट हवा. जाहिरातीआधीचा ताण आणि भागाचा शेवट यांसाठी वेगळे शेवट करून ठेवा. बरेच जण फोनवर पाहतात. ६० हर्ट्झचा खर्ज तिथे ऐकूच येत नाही, तेव्हा खर्जाच्या ओळीला वरच्या सप्तकात एक पुसट जोड द्या.

ऐकवणं आणि दुरुस्त्या

कच्चं रूप नेहमी चित्राला जोडूनच पाठवा, संवाद आणि खोलीचे आवाज चालू ठेवून. नुसती ध्वनिफाइल पाठवली की दिग्दर्शक ती गाडीत ऐकतो आणि 'जरा रिकामं वाटतंय' म्हणतो. त्याच्या शब्दांमागे काय आहे ते ओळखा. 'जास्त भावनिक हवं' याचा अर्थ बऱ्याचदा संगीत उशिरा येतंय किंवा लवकर संपतंय एवढाच असतो. 'काहीतरी खटकतंय' म्हणाला तर आधी लय तपासा, मग सुरुवातीची जागा, सुरावट सर्वांत शेवटी. पाचशे सूचना आल्या तरी नव्याने लिहिण्याआधी एकदा तुकडा चार सेकंद पुढे सरकवून पाहा. निम्म्या तिथेच मिटतात.

सुपूर्त करताना

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक फाइलला सुरुवातीचा टाइमकोड. एकत्रित मिश्रणासोबत सुटे थर द्या: तंतुवाद्यं, पियानो, ताल, खर्ज. मिक्सिंगमध्ये एखादी ओळ संवादावर आली तर तेवढीच कमी करता येते, अख्खं संगीत बुडत नाही. शेवटच्या स्वराची गुंज पूर्ण विरेपर्यंत फाइल तोडू नका. आवाज शेवटपर्यंत चढवून दाबूनही देऊ नका. कार्यक्रमाच्या एकूण पातळीचे प्रसारण-नियम असतात, युरोपात उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणि अमेरिकेत उणे २४, आणि ती पातळी शेवटच्या मिश्रणात ठरते.

मिक्सिंगला जमेल तर स्वतः बसा, पण फेडरजवळ (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांजवळ) नाही, मागे. आणि परत येऊन क्यू शीट भरा: प्रत्येक तुकड्याचं नाव, लांबी, संगीतकार, प्रकाशक, तो पार्श्वभूमीला आहे की पात्रांना ऐकू येतो. प्रसारणानंतरचं मानधन याच कागदावरून वाटलं जातं, आणि सहा महिन्यांनी तो भरायला बसलं की '३एम२' ची लांबी ३५ सेकंद होती की ४० हे कुणालाच आठवत नाही.